मला होणार नाही ना?

मेंदूविकारांच्या बाह्यरुग्ण विभागाबाहेर बाकांवर बसलेल्या माणसांमध्ये दोन तऱ्हा असतात. एक, ज्यांचं नाव केसपेपरवर असतं ते. आणि दुसरे, ज्यांच्या हातात तो केसपेपर असतो ते. त्या दिवशी मी दुसऱ्यांपैकी होते. आत्याच्या हाताचा कंप वाढला होता, म्हणून तिला घेऊन गेले होते. शेजारी साठी ओलांडलेल्या एक काकू बसल्या होत्या आणि त्यांच्या पलीकडे त्यांचे यजमान. यजमान सदऱ्याचं एकच बटण काढत होते, लावत होते, पुन्हा काढत होते. काकू त्यांच्याकडे न बघता मधूनच हात नेऊन ते बटण लावून टाकायच्या, आणि हे इतकं अंगवळणी पडलेलं की माझ्याशी चाललेलं त्यांचं बोलणंही तुटत नव्हतं. थोड्या वेळाने यजमानांना कसल्याशा तपासणीसाठी आत नेलं. दार लागलं तशा काकू माझ्याकडे सरकल्या. "ताई, एक विचारू का? हसू नका हं. हे मला होणार नाही ना?" मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच पुढचं सांगून टाकलं. "त्यांचा पेला मी वेगळा ठेवते. टॉवेलसुद्धा. त्यांना कळत नाही ते बरंय. नाहीतर काय वाटलं असतं त्यांना!"

"नाही हो काकू, सोबत राहून होणारा आजार नाही हा," मी म्हटलं. उत्तर बरोबर होतं. त्यांनी मान हलवली, पण चेहऱ्यावरची शरम काही गेली नाही. भीती आणि माया एकाच माणसाच्या पोटात शेजारी शेजारी नांदतात, आणि त्यांतली एक दुसरीला कायम खाली मान घालायला लावते. नंतर कित्येक दिवस तो वेगळा ठेवलेला पेला माझ्या डोक्यातून जाईना. काकूंना जे विचारायची लाज वाटत होती, तेच विज्ञान शंभराहून अधिक वर्षं विचारत आलंय. उत्तर मात्र माझ्या एका वाक्याइतकं आखूड नाही.

आपल्या मनात आजारांचे दोन वॉर्ड पक्के केलेले असतात. एका वॉर्डात लागणारे आजार. तिथे शत्रू बाहेरून आत आलेला असतो. त्याला नाव असतं, आकार असतो, त्याच्यावर लस निघू शकते. माणूस बरा होतो किंवा जातो, पण गोष्टीला शेवट असतो. दुसऱ्या वॉर्डात झिजणारे आजार. अल्झायमर, पार्किन्सन, स्नायूंवरचा ताबा हळूहळू घालवणारा एएलएस. तिथे कुणी आत शिरलेलं नसतं, असतं ते आपल्याच घरातून काहीतरी निघून चाललेलं. तिथे वय, वंश, नशीब असे शब्द चालतात. पहिल्या वॉर्डात माणसं एकमेकांना घाबरतात, दुसऱ्यात निदान हात हातात धरून बसता येतं. मधली भिंत आपल्याला हवीहवीशी वाटते ती यासाठीच. काकूंच्या पेल्याने ती भिंत ओलांडली होती. आणि गंमत नाही, खरंच सांगते, गेल्या शतकात मेंदूविज्ञानातली काही अतिशय मोठी कामं ज्यांनी केली, त्या सगळ्यांनी हीच भिंत ओलांडली आहे.

भिंत पहिल्यांदा पडली ती वेड्यांच्या इस्पितळात, आणि आज ते कुणाला फारसं आठवतही नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोप-अमेरिकेतल्या मनोरुग्णालयांत एका विशिष्ट आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने असत. चांगली कर्ती माणसं चाळिशी-पन्नाशीत अचानक बढाया मारू लागत, पैसे उधळत, मग बोलणं अडखळे, स्मरण जाई, हातपाय जात आणि काही वर्षांत मृत्यू येई. कुणी म्हणे ताण, कुणी म्हणे दुर्वर्तन, कुणी म्हणे रक्तातलाच दोष. १९१३ साली हिदेयो नोगुची आणि जे. डब्ल्यू. मूर यांनी असल्या रुग्णांच्या मेंदूंचे काप सूक्ष्मदर्शकाखाली शोधशोध शोधले आणि त्यांतल्या काहींत त्यांना सिफिलिसचे मळसूत्री जंतू सापडले. कधीकाळी झालेली लागण वर्षानुवर्षं दबून राहून मेंदू खात होती. पुढे पेनिसिलिन आलं आणि जिला असाध्य झीज म्हणून माणसं गजांआड ठेवली जात होती, ती इस्पितळांतून जवळजवळ नाहीशी झाली. हे वाचलं की मला आनंदापेक्षा हळहळच जास्त वाटते. तीच माणसं पन्नास वर्षं उशिरा जन्मली असती तर काही इंजेक्शनांत वाचली असती. त्यांच्या घरच्यांनीही काय काय वेगळं ठेवलं असेल!

मग कुरू. या आजाराबद्दल मी जेव्हा जेव्हा वाचते, तेव्हा शास्त्रज्ञांपेक्षा त्या बायकाच मला जास्त दिसतात. पापुआ न्यू गिनीच्या पूर्वेकडच्या डोंगरांत फोरे लोक राहतात. १९५७ साली व्हिन्सेंट झिगास आणि कार्लटन गाजडुसेक या डॉक्टरांनी तिथला हा आजार जगापुढे मांडला. आधी चालताना तोल जायचा, मग सगळं अंग थरथरायचं, मग उभं राहता येईना, बसता येईना, गिळता येईना. साधारण वर्षभरात मरण. एके काळी वर्षाला दोनशेच्या आसपास माणसं जात होती, आणि जाणाऱ्यांत पुरुष थोडे, बायका आणि मुलं फार. काही वस्त्यांत पुरुषांच्या मानाने बायका इतक्या कमी उरल्या की लेकरांचं सगळं बापांनाच बघावं लागे. फोरे लोकांना वाटे की ही करणी आहे, कुणीतरी दुष्टाव्याने केलेली. डॉक्टरांना आधी वाटलं आनुवंशिक असेल, कारण एकाच घरात, एकाच गोतात आजार फिरत होता. ताप नाही, सूज नाही, रक्तात काही नाही. लागणीची एकही खूण नाही. म्हणजे दुसरा वॉर्ड.

शर्ली लिंडनबॉम आणि रॉबर्ट ग्लास हे मानववंशशास्त्रज्ञ साठीच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे राहिले. त्यांनी रक्त काढलं नाही की मेंदू कापला नाही. म्हाताऱ्या माणसांपाशी बसले आणि विचारत राहिले: तुम्ही कुरू पहिल्यांदा कधी पाहिलात? कोण होती ती? तिचं आणि तुमचं नातं काय? त्या आठवणींतून वंशावळी तयार झाल्या आणि त्यातून कळलं की हा आजार पिढ्यान् पिढ्यांचा नव्हताच. विसाव्या शतकातच तो एका गावातून दुसऱ्या गावात पसरत आला होता. आनुवंशिक आजार इतक्या झपाट्याने पसरत नसतो. फोरे लोकांत मेलेल्या नातलगाला खाण्याची रीत होती. त्यात क्रौर्य नव्हतं. आपल्या माणसाला मातीत किड्यांच्या स्वाधीन करण्यापेक्षा आपल्यात सामावून घ्यावं, अशी त्यांची भावना होती. मेंदू बहुतेक वेळा बायकांच्या आणि मुलांच्या वाट्याला येई. ज्या हातांनी आजारी बाईची सेवा केली, त्याच हातांनी तिला निरोप दिला, आणि निरोपाबरोबर आजार आत गेला. इथे मी वाचताना नेहमी थांबते.

मायेतून आलेली लागण.

तिकडे एक पशुवैद्य अगदी वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी येत होता. विल्यम हॅडलो इंग्लंडमध्ये मेंढ्यांच्या स्क्रेपी या आजारावर काम करत होता. त्या आजारात मेंढ्या कुंपणाला अंग घासून घासून लोकर घालवतात, मग लडखडतात, मग मरतात. फ्रान्समध्ये १९३६ सालीच दाखवून झालं होतं की आजारी मेंढीच्या मज्जारज्जूतल्या द्रव्याचं इंजेक्शन निरोगी मेंढीला दिलं तर वर्षाहून अधिक काळाने तिलाही तो होतो. १९५९ मध्ये लंडनमधल्या एका प्रदर्शनात हॅडलोने कुरूच्या रुग्णाच्या मेंदूची छायाचित्रं पाहिली. पेशींमध्ये तीच भोकं, तोच स्पंज झालेला मेंदू. त्याने 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहिलं: हे दोन्ही आजार सारखे दिसतात, तेव्हा कुरू माकडांना देता येतो का ते बघा, आणि निकालासाठी दीर्घकाळ थांबा. मला या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट 'थांबा' ही वाटते. तोवर प्रयोग झाले नव्हते असं नाही, पण प्राणी काही आठवडे ठीक राहिले की लागण नाही असं धरलं जाई. मायकेल आल्पर्स हा तरुण डॉक्टर फोरे कुटुंबांत राहिला, आजारी मुलांपाशी बसला, आईबापांची परवानगी घेऊन त्याने शवविच्छेदनं केली. गोठवलेले नमुने अमेरिकेत पोचले. १९६३ साली चिंपांझींच्या मेंदूत ते टोचले गेले. सुमारे दोन वर्षांनी एका चिंपांझीचा तोल जाऊ लागला. १९६६ मध्ये निष्कर्ष छापून आला आणि १९७६ साली गाजडुसेकला नोबेल मिळालं. हाच माणूस १९९७ मध्ये बाललैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात तुरुंगात गेला. त्याचं नाव लिहिताना ते न लिहिणं मला जमत नाही. शोध खरा आहे आणि ते कृत्यही खरं आहे. एकामुळे दुसरं पुसलं जात नाही.

फोरे लोकांतली ती रीत पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीला बंद पडली. त्यानंतर जन्मलेल्या मुलांना कुरू झाला नाही. पण आधी ज्यांच्यात तो शिरला होता त्यांच्यात तो बसून राहिला. १९९६ ते २००४ या काळातही अकरा नवे रुग्ण सापडले, त्यांतल्या काहींमध्ये आजार पन्नास वर्षांहून अधिक काळ गप्प असावा. लहानपणी कुणाच्या तरी निरोपाला बसलेली मुलगी मोठी झाली, तिची लग्नं-बाळंतपणं झाली, नातवंडं झाली, आणि मग एक दिवस तिचं पाऊल वाकडं पडलं. अशा आजारापुढे संशोधकाचं अख्खं आयुष्यही अपुरं पडतं.

हे काय होतं, त्याचा शोध आणखी विचित्र निघाला. टिक्वा आल्पर यांनी साठीच्या दशकातच दाखवलं होतं की स्क्रेपीच्या द्रव्यावर किरणांचा इतका मारा करा की कुठल्याही विषाणूची जनुकं मोडून पडतील, तरी ते लागण करतच राहतं. म्हणजे त्यात जनुकं नसावीतच. पण जनुकांवाचून वाढणार कसं? स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ साली उघड उघड म्हटलं की हे नुसतं प्रथिन आहे, आणि त्याला त्यांनी 'प्रिऑन' हे नाव दिलं. पुष्कळ शास्त्रज्ञ चिडले. मला त्यांचा राग समजतो. जीवशास्त्राच्या मुळावरच तो घाव होता, आणि पुरावा मागणं हे त्यांचं कामच होतं. पुरावा हळूहळू आला. हे प्रथिन आपल्या सगळ्यांच्या मेंदूत मुळातच असतं, सरळ घडीचं, निरुपद्रवी. त्यातलं एखादं उलट्या घडीचं झालं की शेजारच्या सरळ प्रथिनाला स्पर्श करून त्यालाही तसंच वळवतं, मग ते तिसऱ्याला. गर्दीत एकाने मान वर करून आभाळाकडे पाहिलं की शेजारचाही पाहतो, आणि बघता बघता सगळा चौक वर पाहू लागतो, तसं. चार्ल्स वाइसमन यांच्या प्रयोगशाळेने १९९३ मध्ये ज्यांच्यात हे प्रथिन तयारच होत नाही असे उंदीर घेतले आणि त्यांना स्क्रेपी टोचला. उंदीर ठणठणीत राहिले. वळवायला शेजारीच नव्हता. १९९७ साली प्रुसिनर यांना नोबेल मिळालं. मला मात्र हेच जास्त महत्त्वाचं वाटतं की इथे दोन्ही वॉर्ड एक झाले. त्याच एका प्रथिनाचा आजार कुणाला वंशातून येतो, कुणाला बाहेरून लागतो, आणि बहुतेकांना तर काही कारण न दिसता आपोआपच होतो.

मग अल्झायमरमध्येही प्रथिनंच साठतात, त्यांचं काय?

माझी एक मैत्रीण विकृतिशास्त्र शिकवते. तिच्या प्रयोगशाळेत मी एकदा अल्झायमरच्या मेंदूची काचपट्टी पाहिली. फॉर्मलिनचा वास आधी नाकात आणि मग डोळ्यांत चुरचुरतो. खोलीतून बाहेर पडल्यावरही तो बराच वेळ ओढणीला होता. बरणीतला मेंदू वाटला होता त्याहून लहान होता, घड्यांमधल्या फटी रुंदावलेल्या. तिने काँगो रेड या रंगाने रंगवलेली काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. आधी फिकट विटकरी ठिपके दिसले, इकडे तिकडे, रक्तवाहिनीच्या कडेला जरा दाट. "आता बघ," म्हणून तिने ध्रुवीकरणाची चकती फिरवली. सगळं काळं झालं आणि त्या काळ्यात ठिपके हिरवे चमकू लागले, कच्च्या सफरचंदाच्या सालीचा हिरवा. ते अमायलॉइड, अल्झायमरमध्ये साठणारं प्रथिन. इतकी देखणी गोष्ट कुणाच्या तरी मुलाचं नाव पुसून टाकत होती, हे मला त्या क्षणी सहन होईना. मी नजर काढून घेतली, आणि लगेच पुन्हा लावली. कारण ज्या कुणी मरणानंतर आपला मेंदू दिला, त्याने तो बघण्यासाठीच दिला होता.

असं देणाऱ्यांमुळेच पुढचं कळलं आहे. वाढ खुंटलेल्या मुलांना पूर्वी मृतांच्या मेंदूतल्या पीयूषग्रंथींपासून काढलेलं वाढीचं संप्रेरक टोचलं जाई. त्यातून काहींना प्रिऑनचा आजार झाला आणि १९८५ मध्ये ती पद्धत बंद पडली. २०१५ साली लंडनमध्ये जॉन कॉलिंज आणि सेबास्टियन ब्रँडनर यांच्या गटाने अशा आठ मृतांचे मेंदू तपासले. सगळे ३६ ते ५१ वर्षांचे. त्यांतल्या सहा मेंदूंत अमायलॉइड होतं, ते ज्या वयात सापडू नये त्या वयात. पुढे संप्रेरकाच्या जपून ठेवलेल्या जुन्या कुप्याच काढून तपासल्या, तर त्यांतही ते होतं. २०२४ मध्ये त्याच गटाने असे पाच जण नोंदवले ज्यांना हे संप्रेरक मिळालं होतं आणि ज्यांच्यात ३८ ते ५५ या वयात अल्झायमरसारखी लक्षणं सुरू झाली. पार्किन्सनचंही असंच. काही रुग्णांच्या मेंदूत उपचार म्हणून गर्भातल्या पेशींचं रोपण केलेलं होतं. अकरा ते सोळा वर्षांनी ते रुग्ण वारले तेव्हा २००८ मध्ये त्या कोवळ्या पेशींतही पार्किन्सनच्या गाठी सापडल्या. पेशी स्वतः म्हाताऱ्या झाल्या नव्हत्या. शेजार म्हातारा होता. आत्याचा थरथरणारा हात धरून जिना उतरताना मला हे वाक्य आठवतं आणि वाटतं, हिच्या मेंदूत या घटकेला कुठली पेशी कुठल्या पेशीला काय सांगत असेल?

हे सगळं वाचून कुणी घाबरून जाईल म्हणून इथेच लिहिते, कारण काकूंनाही मला एवढंच सविस्तर सांगायचं होतं. पेल्याने, टॉवेलने, शेजारी झोपण्याने, भरवण्याने, आंघोळ घालण्याने अल्झायमर कुणाला झालेला नाही. माणसांतले प्रिऑनचे आजारही असे पसरत नाहीत. कुरूसुद्धा स्पर्शाने किंवा एकत्र राहण्याने कधी पसरला नाही. मेंदूतलं द्रव्य दुसऱ्या शरीराच्या आत जावं लागतं, आणि म्हणून हत्यारं, रोपणं, रक्त यांबाबत इस्पितळांना काटेकोर राहावं लागतं, प्रिऑनच्या बाबतीत तर नेहमीचं निर्जंतुकीकरणही पुरत नाही. पण ती जबाबदारी इस्पितळाची. घरातल्या बाईची नाही. वेगळा पेला खुशाल इतर भांड्यांत मिसळावा.

खरा गुंता पुढे आहे. एका माणसाकडून दुसऱ्याला अल्झायमर लागत नाही, हे पक्कं. पण साध्या, रोजच्या विषाणूंचा या आजाराला हातभार लागत असेल का? मँचेस्टरच्या रूथ इट्झाकी यांनी १९९१ मध्ये वृद्धांच्या मेंदूत ओठांवर पुरळ आणणाऱ्या हर्पिसच्या विषाणूचं डीएनए दाखवलं आणि १९९७ मध्ये म्हटलं की एपीओई-४ हे जनुक आणि हा विषाणू एकत्र आले तर धोका वाढतो. किती वर्षं त्यांना कुणी फारसं ऐकून घेतलं नाही. सगळा पैसा आणि लक्ष अमायलॉइडकडे होतं. त्यातूनही काही निघालं नाही असं मी म्हणणार नाही: अमायलॉइड उपसून काढणाऱ्या लेकानेमॅब या औषधाने दीड वर्षात आजाराची घसरण २७ टक्क्यांनी मंदावली, ही आकड्यांत खरी, घरच्यांना जेमतेम जाणवेल अशी गोष्ट आहे, आणि तरी ती पहिल्यांदाच घडली आहे. पण एकच दार ठोठावत राहिल्याने दुसरं दार किती वर्षं बंद राहिलं याचं मला वाईट वाटतं. बाजू घ्यायची म्हणून नाही. हर्पिसवरचं वॅलॅसायक्लोव्हिर हे औषध सुरुवातीच्या अल्झायमरमध्ये देऊन पाहिलं, त्या चाचणीचा निकाल २०२५ मध्ये आला, आणि फायदा दिसला नाही. कदाचित तोवर उशीर झालेला असतो. कदाचित कल्पनाच अपुरी आहे. इतकी वर्षं लावून धरलेल्या माणसाला असा निकाल वाचताना काय होत असेल?

त्या मानाने मल्टिपल स्क्लेरॉसिसची, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंचं आवरण खाणाऱ्या आजाराची, गोष्ट लख्ख आहे. अमेरिकी सैन्यात भरती झालेल्यांचं रक्त एचआयव्ही तपासणीसाठी घेतलं जाई आणि उरलेला रक्तद्रव गोठवून ठेवला जाई. कुणाच्या मनात तेव्हा मेंदूचा आजार नव्हता. वर्षानुवर्षांच्या त्या कुप्यांमधून, एक कोटीहून जास्त सैनिकांमधून, हार्वर्डच्या अल्बेर्तो आस्केरियो यांच्या गटाने पुढे हा आजार झालेले ९५५ जण शोधले आणि आजाराआधीचं त्यांचं रक्त तपासलं. नमुने उपलब्ध असलेल्या ८०१ जणांपैकी एक सोडून प्रत्येकाला एपस्टाइन-बार विषाणूची लागण होऊन गेली होती. ज्यांना ती सैन्यात आल्यानंतर झाली, त्यांचा धोका बत्तीस पटीने वाढला. हे २०२२ मध्ये छापून आलं. हा विषाणू जगातल्या बहुतेक सगळ्या प्रौढांमध्ये असतो आणि बहुतेकांना काहीच करत नाही, म्हणजे एकटा विषाणू पुरेसा नाही. पण त्याच्यावाचून हा आजार होतो असं म्हणायला आता फारशी जागा उरलेली नाही.

आणि वेल्स. मला हा अभ्यास फार आवडतो, कारण तो कुणी आखलाच नव्हता. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंत झोपून राहतो आणि म्हातारपणी नागीण होऊन उठतो. १ सप्टेंबर २०१३ पासून वेल्समध्ये वृद्धांना नागिणीची लस द्यायला सुरुवात झाली. लस थोडी होती, म्हणून नियम केला: २ सप्टेंबर १९३३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना मिळेल, त्याआधी जन्मलेल्यांना कधीच नाही. एका आठवड्याने पुढेमागे जन्मलेली माणसं, एकाच शाळेत गेलेली, एकसारखं आयुष्य काढलेली, फक्त जन्मतारखेने दोन बाजूंना पडली. पास्कल गेल्डसेट्झर यांच्या गटाने सात वर्षांच्या नोंदी बघितल्या. लस घेतलेल्यांमध्ये डिमेन्शियाचं, म्हणजे स्मरण आणि बुद्धी ढासळत जाण्याचं, निदान सुमारे एकपंचमांशाने कमी निघालं, आणि बायकांमध्ये फायदा जास्त. लस कशी वाचवते ते अजून उलगडायचं आहे. विषाणूला दाबते म्हणून, की एकूण प्रतिकारशक्तीलाच काही शिकवते म्हणून. पण एका नियमाच्या कागदावर कुणीतरी लिहिलेल्या तारखेने मला आशा दिली. सरळ, साधी आशा. लाजायचं काय त्यात?

शेवटी सोनिया वल्लभ यांच्याबद्दल लिहायचं आहे. काकूंचा प्रश्न त्यांनी प्रयोगशाळेला विचारला आणि उत्तर 'होणार' असं आलं. त्यांच्या आईचा २०१० मध्ये झपाट्याने वाढलेल्या डिमेन्शियाने मृत्यू झाला. शवविच्छेदनात कळलं की प्रिऑनच्या जनुकात दोष होता, आणि तो मुलांत यायची शक्यता निम्मी. २०११ मध्ये त्यांनी तपासणी केली. तोच दोष त्यांच्यातही निघाला. वल्लभ तेव्हा कायद्याचं शिक्षण घेतलेल्या होत्या, त्यांचे पती एरिक मिनिकेल वाहतूक नियोजनात होते. दोघांनी आपापली कामं सोडली, जीवशास्त्र पहिल्यापासून शिकले, डॉक्टरेट केली, आणि आता दोघं मिळून अमेरिकेतल्या ब्रॉड इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेत प्रिऑनवरची प्रयोगशाळा चालवतात. त्यांची दिशा वाइसमनच्या उंदरांनी दाखवून ठेवलीच होती. प्रथिनच कमी केलं तर वळवायला शेजारी कुठून येणार? २०१६ मध्ये त्यांनी दाखवलं की ज्या माणसांत या जनुकाची एक प्रत निकामी आहे ती निरोगी आहेत, म्हणजे प्रथिन कमी करणं धोक्याचं नसावं. ते कमी करणारं एक औषध आता लक्षणं सुरू झालेल्या रुग्णांवर तपासलं जात आहे.

पण वल्लभ यांना हवी आहे ती लक्षणांआधीची चाचणी, आणि ती मोठी अवघड. दोष असलेल्या निरोगी माणसाला आजार उद्या होईल की वीस वर्षांनी, हे सांगता येत नाही. औषध दिलं आणि काही झालं नाही, तर ते औषधामुळे की अजून वेळ आली नव्हती म्हणून? निकालासाठी कितीक वर्षं थांबणार? म्हणून त्यांनी औषध नियामकांपुढे म्हणणं मांडलं की आजार यायची वाट न बघता पाठीच्या पाण्यात हे प्रथिन किती आहे ते मोजा आणि ते कमी झालं हाच पुरावा धरा. त्यासाठी आधी हे दाखवायला हवं की औषधाशिवाय एकाच माणसात त्याचं प्रमाण वर्षानुवर्षं स्थिर राहतं. म्हणून ज्यांच्या घराण्यात हा दोष आहे अशी माणसं बॉस्टनला येतात, अंगात कसलंही लक्षण नसताना कुशीवर वळून गुडघे पोटाशी घेतात आणि मणक्यातून पाणी काढू देतात. काही महिन्यांनी पुन्हा येतात. काहींनी आपल्यात दोष आहे की नाही हे जाणूनच घेतलेलं नसतं, त्यांना ते कळवायचं नाही असं आधीच ठरलेलं असतं, आणि तरी तीही येतात. आतापर्यंतच्या मोजमापात प्रमाण स्थिर राहिलं आहे. त्यामुळे पुढची चाचणी करता येईल.